एका कंदाची तीन व्रते

गेल्या वर्षीच्या आषाढातील दशमीची संध्याकाळ होती. आमची कन्या जर्मनीतील कोलोन शहरी दोन वर्षे अध्ययनार्थ राहून नुकतीच नाशकास परतली होती, आणि तिकडे शिकलेला एखादा पदार्थ घरच्या मंडळींस करून घालावा अशी तिला हौस आली होती. तिने जो पदार्थ निवडला तो कोलोनच्या आसमंतात 'रायबेकूखन' आणि उत्तर जर्मनीत 'कार्टोफेलपुफर' या नावाने ओळखला जातो. नावे जिभेस अवघड. परंतु पदार्थ पाहावा तर किसलेल्या कच्च्या बटाट्याची तव्यावर तळलेली खरपूस चकती. आमच्या वृद्ध आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसल्या होत्या. त्यात अंडे पडणार असे कळताच तवा निराळा, उलथणे निराळे, असा सर्व बंदोबस्त त्यांच्या देखरेखीखाली झाला, आणि मग त्या मोठ्या कौतुकाने नातीची करामत पाहत राहिल्या.

कृती येथे सांगून टाकतो, कारण पुढील विवेचनाशी तिचा संबंध आहे. किलोभर बटाटे सोलून बारीक किसणीवर किसावयाचे व एक कांदाही त्यातच किसावयाचा. किसलेला बटाटा वारा लागताच तांबूस पडू लागतो, म्हणून हात चपळ हवा. मग तो कीस स्वच्छ फडक्यात बांधून पिळावयाचा. परंतु पिळून निघालेले पाणी लागलीच फेकावयाचे नाही. ते दहा मिनिटे स्थिर ठेवले म्हणजे तळाशी पांढरे शुभ्र सत्त्व बसते. वरचे पाणी ओतून देऊन ते सत्त्व पुन्हा किसात मिसळावयाचे, कारण चकतीस बांधून धरणारे तेच. त्यात दोन अंडी, दोनतीन चमचे मैदा, मीठ आणि किंचित जायफळ घालावे. तव्यावर सढळ हाताने तेल सोडून पळीभर मिश्रण पातळ पसरावे आणि कडा तांबूस झाल्या की उलटावे. सोबत शिजवून घोटलेल्या सफरचंदाचा गोडसर गर असतो. ऱ्हाईन नदीकाठचे लोक काळा पाव आणि बीटाची काकवीही घेतात. तळाशी बसलेले सत्त्व पाहताच आत्या म्हणाल्या, "अगं, हा तर चीक! कुरडयांचा गव्हाचा चीक आम्ही असाच निवळत ठेवत असू." आणि थोडा वेळ विचार करून पुढे म्हणाल्या, "यातले अंडे, कांदा आणि मैदा काढलास, तर राहील तो आपला उपासाचाच पदार्थ की!"

कन्येने चकती उलटता उलटता उत्तर दिले, "आजी, तिकडेही हा उपासाचाच पदार्थ आहे."

या उत्तराने मी चपापलो. इतिहास हा माझ्या आवडीचा विषय. तथापि जर्मनांचा उपास आणि बटाटा यांची सांगड मला ठाऊक नव्हती. पुढे शोध घेता तिचे म्हणणे यथार्थ आढळले. ऱ्हाईनकाठचा प्रदेश प्रामुख्याने रोमन कॅथलिक. येशूस क्रुसावर दिले तो शुक्रवार, म्हणून दर शुक्रवारी मांस वर्ज्य करावयाचे, हा त्या पंथाचा जुना नियम. मांस नाही, मासळी परवडत नाही, अशा सामान्य गृहस्थाच्या घरी शुक्रवारी काय शिजावे? तर बटाट्याची ही चकती. शुक्रवार आणि रायबेकूखन यांची तेथे अशी जोडी जमली की धर्माचा नियम सैल झाल्यावरही पदार्थ शुक्रवारीच होत राहिला.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे हाच पदार्थ, जवळजवळ याच कृतीने, यहुदी लोकांच्या घरीही एका सणाचा मानकरी आहे. हनुक्का नावाच्या दीपोत्सवात, मंदिरातील एका दिवसापुरते तेल आठ दिवस जळले या चमत्काराचे स्मरण म्हणून, ते तेलात तळलेले पदार्थ खातात. आणि पूर्व युरोपातील यहुद्यांनी त्यासाठी बटाट्याचे 'लाटके' पसंत केले. आता आपली एकादशी, महाशिवरात्र आणि नवरात्र ध्यानी घ्या. तुपावर जिऱ्यामिरचीची फोडणी देऊन परतलेला बटाट्याचा कीस, किंवा उकडलेल्या बटाट्यात राजगिऱ्याचे पीठ आणि दाण्याचे कूट मळून थापलेले, मध्ये भोक पाडलेले थालीपीठ, यांवाचून कोणत्या मराठी घरचा उपास पार पडतो? तीन धर्म, तीन भाषा, तीन निरनिराळी दैवते. पण व्रताच्या पानात कंद मात्र एकच.

असे साम्य दिसले म्हणजे काही प्राचीन संबंध असावा असे मनास वाटू लागते. येथे तो तर्क सर्वथा फसतो, कारण सोळाव्या शतकापूर्वी बटाटा या तिन्ही समाजांपैकी एकानेही पाहिलेला नव्हता. त्याची जन्मभूमी दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा प्रदेश, म्हणजे आजचे पेरू आणि बोलिव्हिया. तेथील लोक हजारो वर्षे त्याची लागवड करीत आले. रात्रीच्या गारठ्यात बटाटे गोठवावयाचे, दिवसा उन्हात पायांनी तुडवून त्यांचे पाणी काढावयाचे आणि वाळवून वर्षानुवर्षे टिकवावयाचे, ही त्यांची 'चुन्यो' नामक वाळवणाची रीत आजही चालू आहे. स्पॅनिश लोकांनी तो प्रदेश जिंकल्यावर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बटाटा युरोपास आला.

आला, पण त्याचे स्वागत झाले नाही. विषारी धोतऱ्याच्या कुळातील ही वनस्पती. तिने कुष्ठ होते अशी भीती पुष्कळ ठिकाणी होती. ज्याचे बायबलात नाव नाही ते देवाने माणसासाठी निर्मिलेले अन्न कसे, असा आक्षेप काही भाविकांनी घेतला. रशियातील जुन्या पंथाचे लोक तर त्यास सैतानाचे फळ म्हणत. दीडशेदोनशे वर्षे तो वनस्पतिशास्त्रज्ञांच्या बागेत, नाही तर गुरांच्या गव्हाणीत राहिला. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने २४ मार्च १७५६ रोजी आपल्या अधिकाऱ्यांस बटाट्याची लागवड करविण्याविषयी आज्ञापत्र धाडले, ते प्रसिद्धच आहे. पॉट्सडाम येथील त्याच्या साध्या समाधीवर लोक आजही फुलांऐवजी बटाटे ठेवून जातात. तरी शेतकऱ्यांचे मन वळविले ते राजाज्ञेपेक्षा दुष्काळाने. १७७० ते १७७२ या वर्षांत मध्य युरोपात धान्य बुडाले आणि जमिनीच्या पोटातील या कंदाने पुष्कळांचे प्राण वाचविले. पॅरिसच्या वैद्यकपीठाने बटाटा खाण्यास योग्य असल्याचा निर्वाळा दिला तोही १७७२ सालीच. तेव्हा जर्मन गृहिणी ज्यास आज परंपरागत पदार्थ म्हणते, त्याचे वय फार तर अडीचतीनशे वर्षे. आणि यहुद्यांच्या घरी बटाट्याचे लाटके रुळले ते एकोणिसाव्या शतकात.

वयाने लहान असला तरी त्यावरील माया उथळ नव्हे. पहिल्या महायुद्धात १९१६ साली रोगाने जर्मनीतील बटाट्याचे पीक बुडाले आणि १९१६-१७ चा हिवाळा शहरांतील लोकांनी गुरांना घालावयाच्या सलगमवर काढला. 'सलगमचा हिवाळा' हेच नाव त्या वर्षास पडले. आयर्लंडात तर १८४५ पासून करप्याने बटाटा नासला तेव्हा सुमारे दहा लक्ष माणसे मेली आणि जवळजवळ तितकीच देशोधडीस लागली. ज्या अन्नावाचून माणसे मेलेली आहेत, ते अन्न लोकांच्या मनात साधे अन्न राहत नाही.

आता आपल्याकडे वळू. 'बटाटा' हा आपला शब्द पोर्तुगिजांनी आणलेला. कॅरिबियन बेटांतील मूळ रहिवासी 'बटाटा' म्हणत ते रताळ्यास. पोर्तुगिजांनी तेच नाव पुढे या कंदासही लावले आणि पश्चिम किनाऱ्याने ते उचलले. नाव एका बेटाचे, कंद एका पर्वताचा, आणि गलबत तिसऱ्याच देशाचे! उत्तरेकडील लोकांनी मात्र संस्कृतातील 'आलुक' या जुन्या कंदवाचक शब्दापासून निघालेले 'आलू' हे नाव देऊन त्यास घरचाच करून टाकला. जहांगीराच्या दरबारी आलेल्या टॉमस रोचा धर्मगुरू एडवर्ड टेरी याने १६५५ साली छापलेल्या वृत्तांतात असफखानाच्या मेजवानीत हा पदार्थ होता असे लिहिले आहे. परंतु ती रताळी असावीत असे अनेक विद्वानांचे मत आहे.

महाराष्ट्राच्या देशावरील बटाट्याची हकीकत महाबळेश्वराशी निगडित आहे. १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर माल्कम याने सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून ती जागा मिळवून तेथे आरोग्यस्थान वसविले. पुढे तेथील तुरुंगात सिंगापूरकडील प्रदेशातून पाठविलेले चिनी कैदी ठेवण्यात आले. साहेबांच्या टेबलासाठी बटाटे आणि इतर विलायती भाज्या पिकवावयाच्या, हे त्यांचे काम. महाबळेश्वरचा चायनामन धबधबा त्यांचेच नाव अद्याप वाहतो आहे. पुणे जिल्ह्यात खेड, जुन्नर आणि आंबेगाव या भागांनी हे पीक आपलेसे केले. आंबेगावचे सातगाव पठार पावसाळी बटाट्यासाठी आजही ओळखले जाते. बियाणे पुष्कळ वर्षे इटलीहून मुंबईस येत असे, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच वाटेने साठवणीतील बटाटे पोखरणारा पतंगही आला. १९४९ साली पाटण्यास बटाट्याची मध्यवर्ती संशोधनसंस्था निघाली, ती १९५६ मध्ये सिमल्यास हलली; 'कुफरी ज्योती', 'कुफरी चंद्रमुखी' ही तिने निर्मिलेल्या वाणांची नावे सिमल्याजवळच्या कुफरी या स्थळावरून पडलेली आहेत. पेरूचा कंद, इटलीचे बी, चिनी कैद्यांचे हात, आणि आता हिमालयातील गावाचे नाव: इतका प्रवास करून तो आमच्या एकादशीच्या पानात आला.

पानात आला कसा? धर्मशास्त्राने त्यास परवानगी दिली असे म्हणावे, तर जुन्या शास्त्रकारांस तो ठाऊकच नव्हता. नियम होता तो धान्य वर्ज्य करण्याचा आणि कंदमुळेफळे ग्राह्य धरण्याचा. बटाटा जमिनीखालून निघतो, तेव्हा तो कंदमुळांच्या पंक्तीस बसला. खरे पाहता वनस्पतिशास्त्रदृष्ट्या तो मूळ नव्हे, फुगलेले भूमिगत खोड होय. पण स्वयंपाकघराच्या दारात हा प्रश्न कोणी विचारला नाही. आणि एकटा बटाटाच कशास? रताळे अमेरिकेचे. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. हिरवी मिरची अमेरिकेची. साबुदाणा पूर्वी मलायाकडील ताडवर्गीय झाडाच्या गाभ्याचा असे. आज आपण खातो तो तमिळनाडूतील सेलम भागात टॅपिओकाच्या कंदापासून होतो, आणि तो कंदही दक्षिण अमेरिकेचाच. ज्याचे नावच राजास शोभेसे, त्या राजगिऱ्याच्या दाण्याची मायभूमी विद्वान अमेरिकेतच दाखवितात. मेक्सिकोतील अझ्टेक लोक त्याच्या पिठाची देवमूर्ती करून तिचा प्रसाद खात, म्हणून स्पॅनिश पाद्र्यांनी त्या धान्यावर रोष धरला. या पानातील अस्सल एतद्देशीय म्हणजे आपली भगर, शिंगाडा, सुरण, आणि गाईचे दूधतूप.

आता दुसरी बाजू पाहा. मनुस्मृतीने लसूण आणि कांदा द्विजास निषिद्ध ठरविले. म्हणजे जो कांदा या भूमीत शतकानुशतके पिकतो, ज्याच्यावर लासलगावची पेठ उभी आहे आणि आमच्या जिल्ह्यातील असंख्य शेतकऱ्यांचा संसार चालतो, तो एकादशीस घराबाहेर. आणि काल आलेला परदेशी बटाटा देवघराजवळ! कांद्याचे नाव नियमात होते, बटाट्याचे नव्हते, एवढाच काय तो भेद. सर्वांनीच मात्र असे केले नाही. आमच्या जैन बांधवांनी भूमीखालच्या कंदात अनंत जीव असतात या आपल्या तत्त्वास धरून बटाटाही वर्ज्यच ठेवला. नियमाच्या शब्दापेक्षा त्याच्या हेतूकडे पाहिले म्हणजे निर्णय कसा बदलतो, याचे हे चांगले उदाहरण होय.

येथवर वाचकांस हे सर्व मनोरंजक वाटेल. मलाही ते एके काळी फार मनोरंजक वाटत असे, आणि त्याचीच एक गोष्ट आता सांगावयाची आहे.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी मी पदवीच्या शेवटच्या वर्गात होतो. इंग्रजी ग्रंथांतून अन्नपदार्थांचा इतिहास नुकताच वाचला होता, आणि तो कोणास तरी ऐकवावा म्हणून जीभ शिवशिवत होती. महाशिवरात्रीचा दिवस होता. आई पहाटे पंचवटीत जाऊन कपालेश्वराचे दर्शन घेऊन आली होती. दुपारी ती पानावर बसली. पानात भगर, दाण्याची आमटी आणि बटाट्याचा कीस. कीस तिचा फार आवडीचा. मी म्हणालो, "आई, तुझ्या पानातली भगर सोडली तर बाकी सगळे अमेरिकेतून आले आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या बाईने यातले काही पाहिलेसुद्धा नव्हते. मग हा कसला सनातन उपास?"

तिने विचारले, "बटाटासुद्धा?"

"बटाटासुद्धा. फिरंग्यांनी आणलेला."

ती काही बोलली नाही. कीस पानातून काढून तिने एका वाटीत ठेवला आणि भगर खाऊन उठली. त्या दिवसानंतर ती गेली तोवर तिने उपासास बटाटा खाल्ला नाही. आमच्यासाठी मात्र ती तो करीत राहिली. कीस परतून, आम्हा भावंडांस वाढून, स्वतः भगर आणि दूध घेऊन बसत असे. मी पुढे एकदोनदा म्हटले, "अगं, मी थट्टेने बोललो होतो." तिचे उत्तर एकच असे: "खोटे का बोलला होतास?" खोटे नव्हते, हीच तर माझी अडचण होती.

खोटे नव्हते, पण अर्धे होते. ही गोष्ट मला कन्येच्या त्या जर्मन चकतीने शिकविली. बटाटा कोठून आला एवढेच मी आईस सांगितले; त्यास पवित्र कोणी केले ते सांगितले नाही, कारण ते मलाच उमगलेले नव्हते. कोलोनच्या शुक्रवारी तो कोणा बिशपाच्या आज्ञेने आला नाही, आणि आपल्या एकादशीस तो कोणा शास्त्रीबुवांच्या निर्णयपत्राने आला नाही. घरात मुले उपाशी, शेरभर धान्याची चणचण, देवाचा नियम तर पाळावयाचा. अशा वेळी जे हाताशी होते त्यातून ज्या बायकांनी व्रतास साजेल असा घास निर्माण केला, त्यांनीच त्यास पावित्र्य दिले. तिन्ही ठिकाणी किसणी त्यांच्याच हाती होती. परंपरा म्हणजे केवळ आलेले जपणे नव्हे. आलेल्यास जागा करून देणे हाही तिचाच व्यापार. आईच्या पानातील कीस सनातन नव्हता. पण त्यामागची निष्ठा उसनी नव्हती.

आणि या विचाराची दुसरी धार आपणा नाशिककरांस अधिक बोचणारी आहे. पंचवटीतील घराघरांतून एकादशीस बटाटा सन्मानाने शिजू लागला होता त्याच काळात, २ मार्च १९३० रोजी, काळारामाच्या दर्शनाचा हक्क मागत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या धुरिणत्वाखाली हजारो माणसे या गावात सत्याग्रहास उभी राहिली. दरवाजे बंद झाले. लढा सुमारे पाच वर्षे चालला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. माणसांची गोष्ट कंदाच्या गोष्टीशेजारी मांडणे अनुचित दिसेल, हे मी जाणतो. तरीही ती मांडावीशी वाटते, कारण त्या वेळी दाराआडून दिलेले उत्तर 'पूर्वापार चालत आलेले बदलता येत नाही' असेच होते. ते उत्तर देणाऱ्यांच्याच घरी त्या आठवड्यात जो उपास झाला असेल, त्याच्या पानातील बहुतेक पदार्थ पूर्वापार नव्हते. सातासमुद्रांपलीकडच्या कंदास उंबरठा ओलांडताना कोणी गोत्र विचारले नाही. पिढ्यान्‌पिढ्या गोदेचे पाणी प्यालेल्या माणसांस विचारले. परंपरेस नवे सामावून घेता येत नाही हे खरे नाही. जेथे घ्यावयाचे होते तेथे तिने घेतले; जेथे घेतले नाही तेथे अडसर परंपरेचा नव्हता, मनाचा होता.

असो. दुसऱ्या दिवशी एकादशी. कन्येने सकाळी पुन्हा बटाटे किसले. या खेपेस अंडे नाही, कांदा नाही, मैदा नाही. सत्त्व मात्र तिने जर्मन रीतीने निवळून परत किसात घातले, आणि त्यात राजगिऱ्याचे पीठ, जिरे, वाटलेली मिरची आणि सैंधव मिसळले. तेलाऐवजी तव्यावर तूप सोडले. सफरचंदाच्या जागी दही. आत्यांनी पहिला घास घेऊन "मीठ बेताचे आहे" असा अभिप्राय दिला, आणि मग आणखी एक मागून घेतली. पदार्थाचे नाव काय, असे शेजारच्या काकूंनी विचारले तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "थालीपीठच. भोक पाडायचे राहिले एवढेच."

मी उपासतापास मानणारा नव्हे. त्या दिवशी मात्र मीही त्यांच्या पंक्तीस बसलो, आणि रात्रीपर्यंत दुसरे काही खाल्ले नाही.